गाणं ऐकायला आलो होतो, सत्कार बघायला नाही!

आयोजकहो, मैफलीच्या पासावर साडेसहाची वेळ छापता, गायिकेला पावणेनऊला बसवता आणि दहाला उठवता! कोणी दिला हा अधिकार? परवा रात्रीपासून डोकं फिरलंय माझं, आणि घरातले सगळे म्हणताहेत, "जाऊ दे ना, असंच असते." नाही, जाऊ द्यायचं नाही. जाऊ दे जाऊ दे करूनच हे इथवर आलं आहे.

मी डब्लिनला राहते. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, वर पाऊस, आणि घरभाडं भरून हातात फारसं काही उरत नाही. अशा वेळी नागपूरला यायचं ते घरच्यांसाठी आणि गाण्यासाठी. इकडे थंडी पडली की मैफलींचा मोसम सुरू होतो. उघड्या मैदानावर शाल गुंडाळून रात्रीचे राग ऐकणं हे सुख मला तिकडे कितीही पैसे टाकून मिळत नाही. म्हणून या वेळी आत्याला घेऊन गेले. आत्याने पंचाहत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, पण बागेश्री राग म्हटलं की ती निघते.

आम्ही सव्वासहाला पोचलो. पुढे पांढऱ्या खोळी घातलेल्या सोफ्यांच्या रांगा, सगळ्या रिकाम्या. आत्या कडेच्या सोफ्यावर जरा टेकली, तर गळ्यात बिल्ला अडकवलेला एक पोरगा धावत आला, "काकू, इथे नाही बसायचं, व्हीआयपी आहे." उठवलं तिला. मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर, जिथे जमिनीतून गारवा पायात चढतो, तिथे बसवलं. ते सोफे सत्कार चालू असतानाही निम्मे रिकामेच होते. निम्मे! ज्यांच्यासाठी राखले ते आलेच नाहीत, आणि जे आले ते सत्कार झाल्यावर मागच्या मागे निघून गेले. गाणं सुरू व्हायच्या आधी गेले. मग कशाला आला होता बाप्पा?

साडेसात वाजले तरी मंचावर काही नाही. का? तर प्रमुख पाहुणे विधिमंडळाच्या अधिवेशनातून निघालेत. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातलं एक अधिवेशन आपल्या शहराला मिळालं. ते मिळायलाच हवं, विदर्भाचा हक्क आहे तो. पण म्हणून अधिवेशन चालू असेपर्यंत शहरातल्या गाण्याची वेळ मंत्र्यांच्या ताफ्याने ठरवायची का? विधानभवनात कामकाज लांबणार हे आयोजकांना माहीत नव्हतं? दरवर्षी लांबतं!

ते आले. मग दीपप्रज्वलन. उघड्यावर वारा सुटलेला, वात काही धरेना. एक जण तळहाताचा आडोसा करतोय, दुसरा मेणबत्ती पुढे करतोय, तिसरा फोटोग्राफरला "थांब, परत घे" म्हणतोय. समई विझली, परत पेटवली, परत फोटो. मग शाल-श्रीफळ. मंचावर जेवढे बसलेले तेवढ्यांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार, मंडप घालणाऱ्याचा, प्रायोजकाचा, प्रायोजकाच्या बंधूंचा. सूत्रसंचालक प्रत्येक नावाआधी दोन शेर म्हणणार. मग प्रायोजकांची चित्रफीत. प्लॉट घ्या, फ्लॅट घ्या.

आणि हे सगळं चालू असताना मंचाच्या डाव्या कोपऱ्यात, पडद्याच्या आडोशाला, तबलजी बसलेला मला दिसत होता. दव पडायला लागलं होतं. दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, स्वर उतरतो. तो बिचारा हातोडी घेऊन तबल्याच्या कडेचे लाकडी गठ्ठे ठोकायचा, हलकेच एक थाप मारून कान लावायचा, तेवढ्यात माइकवरून "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" त्याला स्वतःचा तबला ऐकू येत नव्हता. मागे तानपुऱ्यावर बसणारी मुलगी, वीस-बावीसची असेल, बोटांवर फुंकर मारत बसली होती. गार पडलेल्या बोटांनी तार छेडायची कशी? या माणसांना तुम्ही गावाहून बोलावलंत, त्यांच्या नावावर पास वाटलेत, आणि त्यांनाच कोपऱ्यात ताटकळत ठेवलंत.

पावणेनऊला गायिका बसल्या. तानपुरे लागले आणि खरं सांगते, पहिल्या षड्जाला, पहिल्या 'सा'ला, सगळा राग निवला होता माझा. बागेश्रीचा विलंबित, संथ लयीतला ख्याल. आलाप एकेका स्वराने वर चढत होता, मध्यमावर, म्हणजे 'म'वर, येऊन थांबत होता, पलीकडे जायची घाई नव्हती. आत्याने डोळे मिटले होते. आणि त्या मध्यमावर माइकमधून आवाज आला, "एमएच एकतीस, पांढऱ्या रंगाची गाडी, गेटसमोर उभी आहे, कृपया काढून घ्यावी." त्याच स्पीकरमधून! गाणाऱ्या बाईंचा आवाज दाबून!

त्यांनी डोळे उघडले, क्षणभर थांबल्या, परत धरलं. तर साडेनऊच्या सुमाराला आणखी एक पाहुणे आले. आणि राजेहो, गाणं थांबवलं. विलंबित ख्याल चालू असताना सूत्रसंचालकाने मंचावर जाऊन, हात जोडून गाणं थांबवलं आणि त्या पाहुण्यांचा सत्कार केला. सगळ्या मैदानातून एकही आवाज उठला नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ तर टाळ्या वाजवत होते.

दहाला दहा मिनिटं असताना मंचावर चिठ्ठी गेली. द्रुत, म्हणजे जलद लयीतलं गाणं, जेमतेम सुरू झालं होतं. ते आवरलं, भैरवीच्या दोन ओळी झाल्या आणि नमस्कार. पानात वाढून, पहिला घास तोंडात गेल्यावर ताट ओढून घ्यावं, तसं झालं. वरून सूत्रसंचालक म्हणतो, "नियमापुढे आपला नाइलाज आहे."

नियमाला दोष देऊ नका! तो नियम आजचा नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. शेजारच्या घरांत लहान लेकरं असतात, आजारी माणसं असतात, नियम बरोबरच आहे. बंदिस्त सभागृहाला त्यातून मोकळीक आहे, आणि नागपुरात सभागृहांची काय कमी? सिव्हिल लाईन्सला वसंतराव देशपांडे सभागृह, रेशीमबागेत सुरेश भट सभागृह. पण मैदान हवं, कारण मैदानात गर्दी दिसते आणि बॅनर मोठे लागतात. बरं, मैदान तर मैदान. दहाला संपवायचं हे पास छापतानाच ठाऊक होतं ना? मग साडेसहा ते दहा हे साडेतीन तास कोणाचे होते? सव्वादोन तास तुम्ही खाल्लेत आणि उरलेल्या सव्वा तासावर कायद्याचं नाव पुढे केलंत.

यावर मला लगेच ऐकवलं जातं, "तू तिकडून आली नं, तुला आता इथलं काही पटत नाही." साफ खोटं. तिकडच्या आपल्याच मराठी मंडळाच्या कार्यक्रमातही मी हाच सत्कारांचा रतीब बघितला आहे, शाळेचा हॉल भाड्याने घेऊन. वेळ संपली की तिथला माणूस दिवे मालवतो, आणि तिथेही कापलं जातं ते गाणंच. म्हणजे हे देशाचं नाही, ज्याच्या हातात माइक आहे त्याचं आहे.

आणि तिकडचंच ऐकायचं तर ऐका. डब्लिनच्या स्मिथफील्ड भागात कॉबलस्टोन नावाचा पब आहे. पारंपरिक आयरिश वादक तिथे एका टेबलाभोवती बसतात. मंच नाही, निवेदक नाही. कामावरून थकून आलेली मी कोपऱ्यात उभी राहते, फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन, सुरू होतं, आणि कोणी जवळ उभं राहून मोठ्याने बोललं तर आजूबाजूचे लोकच त्याला गप्प करतात. तिथे हॉटेल बांधायचा घाट घातला गेला तेव्हा माणसं रस्त्यावर उतरली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये महापालिकेने परवानगी नाकारली. ती साधी ऐकणारी माणसं होती. आपल्याकडे गाणारीला मधेच थांबवलं तर आपण टाळ्या वाजवतो.

वसंतराव देशपांडे याच नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे गाणं शिकले. सुरेश भटांनी शेवटचा श्वास इथे घेतला. त्यांची नावं आपण इमारतींना दिली आणि भाषणांत रोज घेतो. मग गाणाऱ्याला दोन तास निवांत बसू द्यायला काय जातं?

मी आयोजकांना पत्र लिहिलं आहे. सत्कार करायचे तर करा, कोणी अडवत नाही. पण पासावर दोन वेळा छापा. भाषणं आणि सत्कार किती वाजता, आणि षड्ज किती वाजता. एकदा गाणं सुरू झालं की कोणीही येवो, तो माइक फक्त गाणाऱ्याचा. गाडी काढायची असेल तर त्या बिल्लेवाल्या पोराला पाठवा, तसाही तो म्हाताऱ्या माणसांना उठवत फिरतोच आहे. आणि पाहुणे नसतील तर ते पुढचे सोफे आत्याच्या वयाच्या माणसांना द्या. उत्तर अजून आलेलं नाही. मी परत लिहिणार आहे, आणि त्या रात्री मैदानात बसलेल्या प्रत्येकाने लिहावं.