वकिलाच्या कपाटातली पुस्तकं रद्दीत घालण्याआधी

1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि भारतीय दंड संहिता रद्दीत निघाली. 511 कलमांची 358 झाली, 302 चं 103 झालं, आता जुनं पुस्तक ठेवून करायचं काय, असं इंदुरात मला कितीतरी घरांतून ऐकायला मिळालं. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याचा खटला आजही जुन्या संहितेखालीच चालतो, आणि आपल्याकडे खटले किती वर्षं रेंगाळतात ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. असा खटला लढवणाऱ्या वकिलाला जुनंच पुस्तक लागणार.

आम्ही रामबागेतली काही मंडळी कायद्याची पुस्तकं गोळा करतो. बेअर ॲक्ट म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, कायद्यांवरची भाष्यं, कोर्टांचे निकाल छापणाऱ्या नागपूरच्या एआयआरचे (ऑल इंडिया रिपोर्टर) जाडजूड बांधीव खंड. ती जातात झाबुआ, धार, खरगोनकडून शिकायला आलेल्या गरीब मुलांकडे आणि मोफत कायदेमदत करणाऱ्या तरुण वकिलांकडे. हिंदी-इंग्रजी डायग्लॉट प्रत आली की तिच्यावर उड्या पडतात.

मात्र दिलं की झालं, असं हे दान नाही. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर आम्ही चिठ्ठी डकवतो: या प्रतीत कोणत्या सालापर्यंतच्या दुरुस्त्या आहेत. काम किचकट आहे, पण माझ्या मते सगळं त्यावरच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 436-अ प्रमाणे कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढल्यावर सुटकेचा हक्क मिळायचा. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 479 मध्ये, आधी कधीच शिक्षा न झालेल्यासाठी तो एक-तृतीयांशावर आला. (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून.) ऑगस्ट 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने ही सवलत जुन्या प्रकरणांनाही लागू केली. म्हणजे गुन्हा जुना, तरी इथे नुसतं जुनं पुस्तक उघडून भागत नाही. चिठ्ठी नसेल तर एखादा माणूस काही महिने जास्त आत राहील.

लंडनची इंटरनॅशनल लॉ बुक फॅसिलिटी 2005 पासून हेच काम जगभर करते आहे. तिथल्या वकिलांनी दिलेली पुस्तकं स्वयंसेवकांच्या मदतीने आफ्रिका-आशियातल्या विद्यापीठांत, न्यायालयांत, तुरुंगांत जातात. तुरुंगात कशाला, असं विचारणाऱ्यांना मी युगांडाच्या सुसान किगुलाबद्दल सांगते. तिला फाशीची शिक्षा सुनावली होती. तिच्या आणि इतर चारशेवर कैद्यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सक्तीची फाशी, म्हणजे न्यायाधीशाला दुसरी शिक्षा देताच येत नाही अशी, घटनाबाह्य ठरवली. लंडन विद्यापीठाचा कायद्याचा अभ्यास तिने कोठडीत राहून केला. 2016 मध्ये ती बाहेर आली.

'आता सगळं नेटवर असतं की,' असंही लोक म्हणतात. असतं, सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआरवर फुकट वाचता येतात. पण बराकीत मोबाईल नेता येत नाही. आणि संविधानाच्या 39-अ मध्ये मोफत कायदेमदतीचं वचन आहे, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, पण हे त्याला कळायचं कुठून?

ज्यांच्याकडे आजोबांच्या, काकांच्या वकिलीची पुस्तकं पडून आहेत त्यांनी मेसेज करा. वाळवी लागलेली, पानं गळालेली नकोत. आयकराचे जुने मार्गदर्शकही नकोत, दर वर्षागणिक बदलतात. बाकी सगळं घरी येऊन घेऊन जाऊ.