कप पोटात हरवत नाही, वहिनी

परवा भाचीचा रडवेल्या आवाजात फोन आला. तिचा मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीचं रक्त साठवायला योनीमार्गात बसवायची ती छोटी मऊ वाटी, वहिनीने काढून घेऊन माळ्यावर टाकलाय. का, तर महिला मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला: कप पोटात हरवतो, रक्त साचून विष होतं, गर्भाशय खाली सरकतं, आणि लग्नाआधी वापरला तर कौमार्य जातं. ‘त्यापेक्षा आपलं जुनं कापडच बरं.’ संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला तिघींनी पाठवला.

हरवणार कुठे? योनीमार्ग गर्भाशयाच्या तोंडाशी संपतो आणि ते छिद्र इतकं बारीक असतं की कप त्यातून वर जाऊच शकत नाही. वर सरकलाच तर उकिडवं बसून हलका जोर करायचा, कपाचं बूड बोटाला लागतं.

विषाचं म्हणाल, तर २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये कपावरच्या ४३ अभ्यासांचा, ३,३००हून जास्त जणींचा आढावा आला. कप सुरक्षित आहे, गळतीही पॅडइतकीच किंवा कमी, असं त्यात निघालं. टॉक्सिक शॉकच्या, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या दुर्मिळ पण गंभीर आजाराच्या, पाच नोंदी त्यात आहेत, म्हणून हात धुवायचे आणि १२ तासांच्या आत कप रिकामा करायचाच.

गर्भाशयाबद्दल एवढंच मान्य करते, की कप तसाच खेचून काढू नये. बूड चिमटीत दाबून आधी हवा आत जाऊ द्यायची. त्याच आढाव्यात १३ जणींची तांबी (गर्भनिरोधासाठी गर्भाशयात बसवतात ती) निसटल्याचीही नोंद आहे. तांबी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बायकांना खरोखर सांगायला हवं ते हे, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही.

पण माझं डोकं फिरलं ते कौमार्यावरून. योनीच्या तोंडाशी असतो तो पडदा म्हणजे बंद दार नव्हे. बंद असता तर पाळीचं रक्त बाहेर आलं कुठून असतं? प्रत्येकीचा आकार वेगळा, ताणही घेतो, एखादीचा खेळताना फाटतो. त्यावरून मुलीबद्दल काहीही ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये कौमार्य चाचणी बंद करा म्हणून सांगितलं, कौमार्य ही वैद्यकीय संज्ञाच नाही हेही स्पष्ट केलं. त्याच वर्षी आपल्याकडे कंजारभाट समाजातली तरुण मुलंमुली पहिल्या रात्रीच्या चादरीवर रक्ताचा डाग बघून नवरीचं कौमार्य ठरवण्याच्या प्रथेविरुद्ध उभी राहिली, त्यापायी घरच्यांचा, जातपंचायतीचा राग सोसला. आणि आपण शिकल्यासवरलेल्या बायका तीच चादर मोबाईलवरून एकमेकींना पाठवतोय!

जुनं कापड वाईट नव्हतं. पण आई त्या घड्या मोरीमागच्या दोरीवर परकराखाली लपवून वाळत घालायची. पावसाळ्यात त्या दमटच राहायच्या, कुबट वास यायचा, आणि ती त्याच पुन्हा घ्यायची. मांड्या सोललेल्या असायच्या, पण बोलायची नाही. कापड वापरायचं तर स्वच्छ धुऊन उघड्यावर, कडक उन्हात वाळवा. कोणी बघितलं तर बघू दे.

वहिनी, कप खाली काढ. एक लहान पातेलं त्याच्यासाठी वेगळं ठेव, पाच मिनिटं उकळ, कोरडा कर, सुती पिशवीत घालून पोरीच्या हातात दे. तिची तारीख गुरुवारी आहे.