भाता हातात नसताना

काल संध्याकाळी नेदरलँड्समधल्या हार्लेमला मित्राचं ऑर्गनवादन ऐकून आलो. रात्रभर कानातून जाईना, म्हणून लिहूनच टाकतो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मित्र नगरचा. तिथल्या चर्चमधल्या जुन्या पायपेटीवर रेव्हरंड टिळकांची भजनं वाजवत मोठा झाला. पेटी एका बाजूने हवा सोडायची, त्यामुळे पायांना क्षणाची उसंत नाही. नाट्यसंगीतावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ऑर्गन म्हटलं की तीच पायपेटी आठवते. तिच्यात रीड असतात. काल जे ऐकलं त्यात पाइप होते, सुमारे 5,000.

ग्रोटे केर्क, म्हणजे सेंट बाव्होचं चर्च. ख्रिस्तियान म्युलरने 1735 ते 1738 या काळात बांधलेला हा ऑर्गन पश्चिमेच्या भिंतीवर पार छताकडे चढत गेलाय. संगीतकार हेंडेल इथे वाजवून गेला. 1766 मध्ये दहा वर्षांचा मोत्सार्टही. पायाखाली सगळी थडग्यांची फरशी. चित्रकार फ्रान्स हाल्स इथेच पुरलेला आहे. खुर्ची सरकवतानासुद्धा जपून सरकवावी लागते.

मी पेटी वाजवतो. म्हणजे गणपतीत आरत्या आणि घरगुती बैठकीत साथ, एवढंच. पण भात्याची सवय हाडात मुरलेली. सूर मोठा करायचा तर भाता दाबायचा, गायक हळवा झाला की हात सैल सोडायचा. पेटीवाल्याचा सगळा जीव डाव्या हातात असतो. आणि इथे भाताच वाजवणाऱ्याच्या हातात नाही! हवा एकसारख्या दाबाने येत राहते. पट्टी हलकी दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. आवाज बदलायचा तर स्टॉप, म्हणजे कोणते पाइप वाजायचे ते ठरवणारे खुंट, ओढायचे, आणि तेही दोन्ही बाजूंना उभे राहिलेले मदतनीस ओढतात. मग वाजवणाऱ्याचं म्हणून काय उरतं? सूर कधी धरायचा आणि कधी सोडायचा.

हे मला आधी पुस्तकी वाटायचं. काल बाखचं सी मायनरमधलं पासाकाल्या सुरू झालं तेव्हा कळलं. सुरुवातीला नुसते पाय, पायांनी दाबायच्या पट्ट्यांवर, म्हणजे पेडलवर. आठ मात्रागटांची एक चाल, खर्जात, एकटीच. तीच चाल पुढे वीस वेळा वेगवेगळ्या नक्षीखाली येत राहते. आपल्याकडे तबल्याच्या सोलोला पेटीवर नगमा धरतात, तसंच काहीसं, फक्त इथे नगमा आणि सोलो एकाच माणसाकडे. मधे एकदा ती चाल पायांतून उठून वरच्या सुरांत जाते. माझ्या शेजारच्या डच आजोबांनी तिथे डोळे मिटले.

पेडलचा सर्वांत मोठा पाइप बत्तीस फुटी. तो सूर कानाला धड कळतच नाही, आधी खुर्चीला कळतो. म्हणूनच माझं ठाम मत आहे, ऑर्गन मोबाइलवर ऐकू नये. खर्ज जातो, इमारत जाते, उरतं ते भोंग्यासारखं काहीतरी. मग लोक म्हणणारच, 'भुताच्या सिनेमातलं म्युझिक'. चूक त्यांची नाही, स्पीकरची आहे.

त्या दगडी इमारतीत सूर सोडल्यावरही कितीतरी वेळ रेंगाळतो. घाई केली तर पुढचा सूर मागच्यावर चढून नुसता कालवा. पासाकाल्याला जोडून फ्यूग येतो, एकच चाल एकामागून एक आवाजांत उचलणारा भाग. मित्राने त्याच्या शेवटाआधी एक ठेहराव घेतला. इतका लांब, की मला वाटलं, विसरला. मग कमानीतला आवाज पुरता विरला, आणि तेव्हाच त्याने पुढचं धरलं. बैठकीत अशा जागेला आपण 'वा' म्हणतो. माझ्या तोंडून निघालंच, बऱ्यापैकी मोठ्याने. दोन-तीन माना वळल्या. असो.

पूर्ण तासभर त्याचा चेहरा दिसला नाही. वर, पाठमोरा, कठड्याआड. शेवटी कठड्यावरून वाकून हात केला, तेव्हा कळलं की शर्ट घामाने चिंब आहे.

खाली आला तेव्हा हातात ते वाजवण्याचे पातळ तळव्यांचे बूट. मी म्हटलं, "अरे, तो ठेहराव केवढा घेतलास!"
"घेतला कुठे? आवाज जाईचना. थांबलो."
"मला वाटलं शेवटी टिळकांचं एखादं भजन वाजवशील."
"काल सरावात वाजवून पाहिलं रे," तो म्हणाला. "मींड कुठून आणू यातून? सुरावरून सुरावर घसरताच येत नाही."

पेटीवाल्याला विचारतोय!