नरारा सहलीविषयीच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानात, नरारा येथे, आमच्यासोबत केलेल्या सहलीविषयी आपण लिहिलेला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. पहाटे अंधारात निघावे लागले, दुसऱ्या दिवशीच्या गटाला मात्र जवळजवळ तासभर उशिरा निघू दिले, समुद्र दूर दिसत असतानाच मागे बोलावले आणि वाटाड्याने मुलांना एकाही प्राण्याला हात लावू दिला नाही, या आपल्या तक्रारी आहेत. ‘चिखल आणि दगड पाहण्यासाठी’ भरलेल्या शुल्कापैकी निम्मी रक्कम परत मिळावी, अशी मागणीही आपण केली आहे. इतर कुटुंबेही हे वाचणार असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

निघण्याची वेळ आमच्या हाती नसते. जामनगरपासून नरारा सुमारे 60 किलोमीटर आहे आणि तिथले प्रवाळ पायी फिरून पाहता येतात, ते ओहोटी पुरती उतरलेली असताना. सलग दोन ओहोट्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटे जातात, त्यामुळे आज सकाळी आलेली ओहोटी उद्या सुमारे 50 मिनिटे उशिरा येते; दुसऱ्या गटाला मिळालेली सवलत ती हीच. कोकणात तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरती किती वाजता येईल ते काढणारी मंडळी अजून आहेत, पण तो हिशेब या आखातात जसाच्या तसा चालत नाही, म्हणून आम्ही भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहतो आणि त्यावरून ठरलेली वेळ नोंदणीच्या पावतीवरच लिहून देतो. सकाळी दहाला आरामात निघू, असे सांगून गिऱ्हाईक खूश करता आले असते, पण मग पाण्याखाली गेलेला खडक किनाऱ्यावरून दाखवावा लागला असता.

समुद्र दूर असताना परत का बोलावले, हा प्रश्न रास्त आहे, कारण पाणी त्या वेळी खरोखरच दूर दिसते. भरती मात्र सारख्या गतीने चढत नाही. सुमारे सहा तासांत पाणी जितके चढते, त्याचा अंदाजे बारावा भागच पहिल्या तासात चढतो, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या व चौथ्या तासात मिळून जवळजवळ अर्धे. हे आखात आत निमुळते होत जाते, त्यामुळे भरती-ओहोटीतील फरकही आत जावे तसा वाढतो. त्यातच नराऱ्याचा खडक सपाट आहे. पाणी समोरून लाटेसारखे येत नाही, ते आधी सखल चरांमधून शिरते आणि माणूस पुढे पाहत असताना परतीची वाट मागून भरते. मुले बरोबर असताना पहिल्या संथ तासातच मागे फिरायचे, हा आमचा नियम आहे आणि तो कोणाच्या आग्रहाखातर सैल होणार नाही.

आता प्राण्यांना हात लावण्याविषयी. फुगलेला पफर मासा तळहातावर घेतलेली छायाचित्रे सगळीकडे फिरतात, त्यामुळे मुलांनी ती अपेक्षा धरावी यात नवल नाही. पण हा मासा जिवाच्या भीतीने फुगतो. पाण्यात असताना तो पाणी गिळतो. बाहेर काढल्यास हवा गिळतो आणि ती नेहमी सहज बाहेर टाकता येत नाही. समुद्रकाकडी या मऊ, लांबट सागरी प्राण्याला फार छेडले, तर तिच्या काही जाती स्वतःची आतडीच बाहेर टाकतात. दगड उलटा करून तसाच सोडला, तर त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले स्पंज आणि अंडी उन्हात वाळून जातात. आपण ज्यांना दगड म्हटले आहे, त्यांपैकी बरेच जिवंत प्रवाळ आहेत, आणि वाटाडा वाळूवरूनच पाऊल टाका असे वारंवार सांगत होता ते त्यांच्यासाठीच. प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, परंतु कायदा नसता तरी आमची पद्धत हीच राहिली असती. त्या सकाळी आपल्या गटाने एक ऑक्टोपस रंग बदलत कपारीत शिरताना पाहिला, असे वाटाड्याने नोंदवले आहे. तो हातात धरला असता, तर ते वागणे दिसलेच नसते.

डुगाँग हा सागरी सस्तन प्राणी दिसला नाही, असाही एक उल्लेख आपल्या लिखाणात आहे. तो या आखातात आढळतो, पण समुद्रगवताच्या पट्ट्यात राहणारा हा लाजाळू प्राणी किनाऱ्यावरून दाखवण्याचे आश्वासन आम्ही कधीही देत नाही.

ठरलेली फेरी ठरल्याप्रमाणे पूर्ण झाली असल्याने शुल्क परत करता येणार नाही. पहाटेची अडचण असल्यास पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांची तारीख घ्यावी. तेव्हा उधाणाचा, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचा, जोर टिकून असतो आणि सकाळची ओहोटी बरीच उशिरा येते. अष्टमीच्या आसपास भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी पुरेसे उतरत नाही, म्हणून त्या तारखांना आम्ही नोंदणी घेत नाही. प्राणी हाताळता यावेत हीच मुख्य अपेक्षा असेल, तर मात्र आमच्याकडे नोंदणी करू नये, ही विनंती.