पेनड्राइव्ह कुठं गेला?
लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, स्वतः बनवण्यावरच्या एका लेखात म्हटलंय, ‘एक स्क्रिप्ट चालवा, कर्नल तयार होऊन बसलेलं मिळेल.’ मिळालं की! परभणीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स. रात्री अशीच एक स्क्रिप्ट लावली. फॅन घरघरत राहिला, दोनदा लाईट गेली (बॅटरीनं इभ्रत राखली), शेवटी ‘यशस्वी’.

सकाळी पहिलंच गिऱ्हाईक पीकविम्याचे कागद पेनड्राइव्हवर घेऊन आलं. पेनड्राइव्ह दिसेचना! काढला, पुसला, दुसऱ्या खाचेत घातला. मागं रांग, मी घामाघूम. लॅपटॉप परत चालू करून ग्रबच्या (सुरुवातीला येणाऱ्या) यादीतून जुनं कर्नल निवडलं तेव्हा कुठं जमलं.

मग कळलं, स्क्रिप्ट गुपचूप ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही कमांड चालवत होती. ती त्या घडीला लोड असलेलीच मॉड्यूलं (उपकरणं वगैरे चालवणारे कर्नलचे तुकडे) ठेवते, बाकीची गाळते. लॅपटॉप चालू केल्यापासून पेनड्राइव्ह लावलाच नव्हता, मग पेनड्राइव्हचं मॉड्यूल, यूएसबी-स्टोरेज, येणार कुठून? पद्धत वाईट नाही, बिल्डचा (कर्नल बनवायचा) वेळ लई वाचतो. पण काय गाळायलाय ते एका ओळीत सांगायला काय झालं होतं?

आता बिल्डआधी दुकानातलं सगळं जोडतो, अगदी वेबकॅमसुद्धा. जुन्या कर्नलला मात्र हात लावत नाही.