ती रील काढून टाका आधी

आज बरेटरहून परत आले ती धुमसतच. आपल्याच ग्रुपमधल्या एकांनी मध्यंतरी तिथल्या जिओकॅशची, म्हणजे जीपीएसवरून शोधायच्या लपवलेल्या डब्याची, रील टाकली होती. कुठलं झाड, मुळाशी कुठला सपाट दगड, तो उचलला, 'सापडला गाइज!' सगळं अगदी जवळून. आज तिथे डबा नाही. शेजारच्या गडग्याचे, म्हणजे नुसते रचून केलेल्या कुंपणाचे, दगड उपसून वाटेवर टाकलेले. गडग्यात डबा ठेवायचाच नाही हा इथला साधा दंडक आहे, कारण शोधायच्या नादात लोक दगड ओढतात. पण रील बघून आलेल्याला दंडकाशी काय देणंघेणं? डबा दिसला नाही, ओढ दगड.

बरेटर म्हणजे इंग्लंडमधल्या डार्टमूर या उघड्या माळरानाच्या (मूरच्या) कडेचा, प्लिमथला पाणी देणारा तलाव. धरण १८९८ सालचं, पुढे १९२८ पर्यंत भिंत आणखी वर चढवली. काठाने झाडी, वर उघडा माळ आणि ग्रॅनाइटचे टॉर, म्हणजे टेकड्यांवरचे उघडे खडक. इथल्या फेरीत असे डबे शोधत चालायचं, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा जागच्या जागी ठेवायचा. बस, एवढंच.

बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले होते. उभा जन्म पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. डब्यात त्यांना काडीचा रस नव्हता. धरणावरच्या रस्त्याखालच्या कमानींतून पाणी पडत होतं, ते बघत 'सांडवा वेगळा नाही काढला, भिंतीवरूनच सोडलंय' करत रेंगाळले. नंतर मी झाडीत मोबाइल धरून गोल गोल फिरतेय हे बघून वैतागले. "अगो, पाच-सहा मीटर इकडेतिकडे दाखवणारच ते. खिशात घाल नि डोळे वापर." आणि डबा त्यांनीच काढला!

खरं तर हे डबे शोधायचं वेड याच मूरवरचं. १८५४ साली जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल नावाच्या दलदलीतल्या खोलगट जागेपाशी एक बाटली ठेवली, दलदल तुडवत तिथवर पोचणाऱ्यांनी आपलं कार्ड टाकावं म्हणून. जीपीएसवाले डबे फार नंतरचे. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, जागा नेमकी कळायला लागली आणि लगेच दुसऱ्या दिवशी ओरेगनात एकाने बादली पुरली. बाटली काय नि बादली काय, पुढचा अनोळखी माणूस धड वागेल या भरवशावर ठेवलेली. आणि आपण त्या भरवशाला गाणं लावून व्ह्यूज मोजतो.

बरं, कोऑर्डिनेट्स अ‍ॅपवर सगळ्यांना दिसतात, मान्य. रील बघून आपली चार माणसं मॉल सोडून माळावर आली तर मला आनंदच आहे, तेही मान्य. मग पाण्याची रील करा ना. जवळच्या शीप्सटॉर गावच्या चर्चच्या आवारात बोर्निओतल्या सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रूक पुरलाय, त्याची करा. त्याला कोणी खिशात घालून नेणार नाही.

मला राग डब्याचा नाही. प्लॅस्टिकचाच होता. वही गेली. बाबांनी चष्मा लावून, मोजमाप पुस्तकात करायचे तशी ठसठशीत देवनागरी सही केली होती तिच्यात, खाली तारीख. मग डबा ठेवला, दगड बसवला, वर पाचोळा पसरला आणि चार पावलं मागे जाऊन काही दिसत नाही ना ते पाहिलं. कोणासाठी, तर ज्याला ते कधी भेटणार नाहीत अशा कोणासाठी तरी. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागलं नाही.

रीलवाल्यांनी डबा नेला असं मी म्हणत नाहीये. नेणारा दुसराच असेल. वाट मात्र तुम्ही दाखवलीत.

डब्याच्या मालकाला मी कळवलंय, गडग्याचंही कळवलंय. तुम्ही फक्त रील काढून टाका. आणि खाली 'सॉरी ताई, पुढच्या वेळी तुम्हाला टॅग करतो' असलं काही लिहू नका, आज खरंच ब्लॉक करीन.