खुलासा : एक लिटरात खोली होत नाही

दिवाळी तोंडावर आली की सोलापुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक हिशेब फिरतो: दहा बाय दहाची खोली म्हणजे 100 चौरस फूट, एक लिटर रंग पुरे. हा हिशेब फरशीचा आहे. फरशी कोण रंगवतंय?

भिंतींसाठी चारही बाजूंची बेरीज गुणिले उंची. उंची दहा फूट धरली तर 40 गुणिले 10, म्हणजे 400 चौरस फूट. सात बाय तीनचा दरवाजा, चार बाय चारची खिडकी वजा केली की 363 उरतात. चांगल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन (भिंतींचा पाण्यात मिसळणारा रंग) दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, साधारण 120 चौरस फूट जातं. म्हणजे भिंतींनाच तीन लिटर. छत धरलंत तर चारच्या आसपास. डब्यावरचा आकडा एका हाताचा की दोन, हे मात्र नीट वाचा.

पेठांतल्या जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात उंची आणि कोनाडे वेगळे मोजा. तिथला चुन्याचा गिलावा रंग नुसता पितो. आधी प्राइमर (रंगाखालचा पहिला थर) मारा, तो वरच्या हिशेबात नाही. शेड मिक्स केलेला डबा दुकानदार सहसा परत घेत नाही, म्हणून दहा बाय दहाच्या साध्या खोलीला आधी चार लिटरच घ्या. कमी पडलाच तर त्याच शेडच्या कोडचा एक लिटर आणता येतो.